२८ पानांचा करार आणि हातात चार दिवस

पत्र

मी २२ वर्षांची आहे. दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, विशारद झाले, सध्या एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मराठी वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्या सोळांत माझी निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात शूटिंग सुरू होईल. काल २८ पानांचा इंग्रजी करार ईमेलवर आला. सही करून पाठवायला चार दिवस दिलेत. बाबा म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही, करून टाक सही. माझ्या गुरू, आम्ही त्यांना ताई म्हणतो, त्या म्हणतात, तिथे गळाही जातो आणि गाणंही जातं. मैत्रिणी म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. हरले तर हसं होईल का? जिंकले तर पुढे नेमकं काय? आणि आईचा प्रश्न: धाकटा भाऊ अकरा वर्षांचा आहे, छान गातो, त्यालाही लहान मुलांच्या स्पर्धेत पाठवावं का?

उत्तर

जा. सही मात्र आज नको, चौथ्या दिवशी कर. मधले तीन दिवस त्या २८ पानांसाठी ठेव.

आधी हरण्याची भीती बाजूला काढू. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’ नावाची स्पर्धा झाली होती. काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी जिंकले. अंतिम फेरी गाठण्याआधीच जे बाहेर पडले त्यांत अरिजित सिंग होता. पुढची वर्षं तो स्टुडिओत बसून प्रोग्रॅमिंग (संगणकावर वाद्यांचे सूर-ताल बसवणं) आणि संगीत संयोजनाची कामं करत राहिला, संगीतकार प्रीतम यांच्याकडेही. घराघरांत पोचला तो २०१३ मध्ये, ‘आशिकी २’मुळे. म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. नेहा कक्कर ‘इंडियन आयडल’च्या दुसऱ्या पर्वातून लवकर बाहेर पडली होती आणि २०१८ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत बसली. तिकडे ‘अमेरिकन आयडल’मध्ये २००४ साली जेनिफर हडसन सातवी आली; २००७ मध्ये तिच्या हातात ऑस्कर होतं. आपल्याकडचं बघायचं तर २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये जिंकली एकटी कार्तिकी गायकवाड. पण आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही नावंही लोक आजपर्यंत विसरलेले नाहीत, आणि २०२१ मध्ये तेच पाच जण नव्या पर्वात ज्युरी म्हणून बसले.

जिंकणाऱ्यांनाही थांबावं लागलंच. वैशाली माडे मराठी ‘सा रे ग म प’ जिंकल्या, मग २००९ मध्ये हिंदीही जिंकल्या. ‘बाजीराव मस्तानी’त त्यांचा आवाज आला तो २०१५ मध्ये.

ही नावं वाचून हुरळून जाऊ नकोस. ती आपल्याला आठवतात कारण ती टिकली. त्याच मंचावरून गेलेली बाकीची बरीच मंडळी आज क्लास घेतात, नोकरी करतात, गणपतीत आणि लग्नात गातात, आणि त्यात वाईट काहीच नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की क्रमांक आणि कारकीर्द यांची सांगड फार सैल असते. घट्ट सांगड आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीशी. स्पर्धा तुला चेहरा देते, गाणं देत नाही. तू चार महिने दुसऱ्यांची गाणी गाणार. लोक तुला ओळखतील ते ‘अमुक गाणं छान म्हणणारी ती मुलगी’ म्हणून. पुढचं पर्व सुरू झालं की त्या जागी नवी मुलगी येते. त्या आधी तुझं स्वतःचं एखादं गाणं लोकांच्या तोंडी बसलं तर तू राहतेस. म्हणून करारात सर्वांत आधी हे बघ, की स्वतःचं गाणं करायची मुभा तुला कधी मिळते.

तर करार. छापून घे, ईमेलवर वाचू नकोस. हातात मार्कर घेऊन ‘एक्स्क्लुझिव्ह’, ‘टर्म’, ‘कमिशन’, ‘फर्स्ट रिफ्युजल’, ‘परपेच्युअल’ (कायमचं) आणि ‘इन्डेम्निटी’ (त्यांचं नुकसान झालं तर भरपाई तू द्यायची) हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे खूण कर. मग करारांची कामं करणाऱ्या वकिलाचा एक तास घे. नात्यातले काका वकील आहेत, जमिनीची प्रकरणं बघतात, त्यांना दाखवून भागणार नाही.

‘टर्म’पाशी थांब. बहुतेक करारांत कार्यक्रम संपल्यावरही काही काळ तू वाहिनीशी किंवा तिच्या मॅनेजमेंट कंपनीशी बांधलेली राहतेस. दुसऱ्या वाहिनीवर जायचं नाही, परवानगीशिवाय गाणं रेकॉर्ड करायचं नाही, काही वेळा जाहीर कार्यक्रमही घ्यायचे नाहीत. किती महिने हा प्रश्न सगळे विचारतात. कधीपासून मोजायचे हे कोणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच असते. समज, बारा महिन्यांची अट आहे. ती ‘पर्वाचा शेवटचा भाग प्रक्षेपित झाल्यापासून’ असेल आणि तू चौथ्या आठवड्यात बाहेर पडलीस, तर पर्व संपेपर्यंतचे तीन महिने फुकट जाऊन वर बारा महिने बांधलेली राहशील. हेच वाक्य ‘स्पर्धक कार्यक्रमातून बाहेर पडल्याच्या तारखेपासून’ असं झालं की ते तीन महिने वाचतात. वाहिनी नवख्या मुलीसाठी अख्खा करार बदलत नाही, पण अशी एक ओळ बदलून देतात, कारण बाहेर पडलेल्या स्पर्धकात त्यांना फारसा रस उरलेला नसतो.

दुसरी जागा कमिशनची. तुझ्या कार्यक्रमांच्या मानधनातून मॅनेजमेंट कंपनी टक्का घेते. टक्का कशावर, ते वाच. उदाहरण म्हणून धर: एका कार्यक्रमाचे ४०,००० ठरले. साथीदारांना १८,००० गेले, प्रवास आणि मुक्कामाला ७,०००. उरले १५,०००. ३०% कमिशन एकूण रकमेवर असेल तर १२,००० जातात आणि तुझ्या हातात ३,००० पडतात. तेच खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर असेल तर ४,५०० जातात आणि १०,५०० तुझे. टक्का दोन्हीकडे तोच. शिवाय तू स्वतः मिळवलेल्या कामावरही कमिशन द्यायचं का, हे स्पष्ट करून घे. गावच्या गणेश मंडळानं बाबांना थेट फोन करून बोलावलं, तरी त्यातून टक्का का जावा?

‘फर्स्ट रिफ्युजल’ म्हणजे तुला बाहेरून काम आलं तर ते आधी यांना विचारायचं. तिथे उत्तर द्यायची मुदत लिहून घे, सात दिवस पुष्कळ झाले. मुदत नसेल तर ‘विचार करतो’ म्हणत काम हातचं घालवतात. मंचावर गायलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगवर हक्क त्यांचाच राहणार, त्यावर भांडू नकोस. पण पुढे तू स्वतः करशील त्या नव्या गाण्यांवर त्यांनी हक्क सांगितला असेल तर ते वाक्य खोडायला सांग. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गायकालाही आपल्या गायनाच्या व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे. गायकांची ‘इस्रा’ (आताचं नाव ‘इसाम्रा’) ही संस्था २०१३ पासून त्यासाठीच काम करते. स्वतःचं पहिलं गाणं आलं की सदस्य हो.

बक्षिसाच्या आकड्याला भुलू नकोस. टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३०% कर आहे. तुझं उत्पन्न कितीही कमी असो, करमुक्त मर्यादेचा किंवा कसल्या वजावटीचा फायदा त्यावर मिळत नाही. वर ४% सेस. पाच लाख जिंकलीस तर १,५६,००० कर गेला आणि ३,४४,००० उरले. मोटार मिळाली तर आणखी गंमत: किल्ली देण्याआधी तिच्या किमतीवरचा कर भरला जावा लागतो. दहा लाखांच्या गाडीसाठी आधी तीन लाख भरायचे. ते आयोजक भरणार की तू, हे करारात असतं.

आता मैत्रिणींचं ‘सगळं ठरलेलं असतं’. त्या समजतात तसं विजेत्याचं नाव पहिल्या दिवशी पाकिटात घालून ठेवलेलं नसतं. पण नाटकात पात्रयोजना करावी तशी सोळा जणांची निवड झालेली असते: एक लोकगीतवाला, एक रॉकवाला, एक घरची जबाबदारी अंगावर घेतलेला मुलगा, एक खोडकर, आणि एक शास्त्रीयवाली. ती तू. पहिले चार आठवडे तुला नाट्यगीतं आणि रागदारीची गाणी देतील, वाहवा होईल. पाचव्या आठवड्यात परीक्षक म्हणतील, ‘तू नेहमी एकाच पठडीतलं गातेस.’ हे इतकं ठरावीक आहे की त्यावर पंचांग मांडावं. उपाय सोपा आहे. तिसऱ्याच आठवड्यात स्वतःहून लावणी किंवा हलकंफुलकं द्वंद्वगीत माग. क्रिएटिव्ह टीमकडे तुझ्या वीस गाण्यांची यादी आधीच देऊन ठेव, त्यात निम्मी तरी तुझ्या पठडीबाहेरची असू देत. प्रत्येक गाण्यापुढे तुझी पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठे धरतेस ते, लिही. गाण्याच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळतात की नाही यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून यादी लांबच हवी; सहा गाणी दिलीस तर त्यातली चार ‘क्लिअर होत नाहीत’ असं उत्तर येईल.

कॅमेऱ्यापुढच्या तुझ्या गोष्टीचंही असंच आहे. शूटिंगच्या आधी एक गोड बोलणारी मुलगी तुला तासभर फोन करेल: घरी कोण कोण, बाबा काय करतात, गाण्यासाठी काय काय सोसलं. त्या गप्पा तुझ्या एव्हीचा कच्चा माल असतात. एव्ही म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती दोन मिनिटांची चित्रफीत. बाबांचं कर्ज, आईचं आजारपण, मोडलेलं लग्न, यांतलं जे शेजाऱ्यांनी टीव्हीवर बघू नये असं तुला वाटतं, ते त्या फोनवर बोलायचंच नाही. नंतर ‘हे नका दाखवू’ म्हणण्यात अर्थ नसतो. घरच्यांना बसवून ही यादी आजच कर. आणि सांगायला काहीतरी तयारही ठेव, नाहीतर ते शोधून काढतात. ताईंकडे दहा वर्षं गाणं शिकतेस, ही चांगली गोष्ट आहे, तीच सांग.

मतदानावर किती भिस्त ठेवायची? २००७ चं ‘इंडियन आयडल’ आठव. कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग सात कोटींहून अधिक एसएमएस घेऊन जिंकला. डोंगरातल्या गोरखा समाजानं ती आपल्या अस्मितेची लढाई मानली. एका रेडिओ निवेदकाच्या टिप्पणीवरून सिलिगुडीत दंगल झाली. त्याच वर्षी वेगळ्या गोरखालँडची मागणी करणारा गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष उभा राहिला, त्यात प्रशांतच्या चाहत्यांच्या संघटनेचा मोठा वाटा होता. गाण्याच्या स्पर्धेनं राजकारण हलवल्याचं याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही. तुझ्या तालुक्यातही फ्लेक्स लागतील, आमदार शुभेच्छा देतील, ज्ञातीचे व्हॉट्सअॅप ग्रुप कामाला लागतील. नम्रपणे आभार मान, पण यांना श्रोते समजू नकोस. जिल्ह्यासाठी मत देणारा माणूस तुझ्या मैफलीचं तिकीट काढेलच असं नाही.

ताई म्हणतात ‘गाणंही जातं’, त्यात तथ्य आहे आणि ते कसं जातं हे कळलं तर वाचवता येतं. १९९५ मध्ये झीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालक होता, तेव्हा कौल परीक्षक म्हणून बसलेल्या संगीतकारांचा असे. श्रेया घोषाल त्याच कार्यक्रमाच्या लहान मुलांच्या विशेष भागांतून पुढे आली आणि २००२ मध्ये ‘देवदास’मध्ये गायली. २००४ मध्ये ‘इंडियन आयडल’ आलं आणि त्याबरोबर प्रेक्षकांची मतं, घरच्या गोष्टी आणि अश्रू आले. पहिला विजेता आपला अभिजीत सावंत. तेव्हापासून गाणंही बदलत गेलं. आज तुला मंचावर दोन-तीन मिनिटं मिळतात: मुखडा, एक अंतरा, आणि शेवटी टाळी घेणारी वरच्या सुरातली जागा. मूळ गाण्यात ती नसली तरी घातली जाते. परीक्षक उभे राहतात, प्रोमो त्यावरच कापला जातो. त्यामुळे मुलं प्रत्येक गाणं शेवटाकडून बसवतात. घरबसल्या ऐकणाऱ्यांचा कानही तसाच तयार झालाय. आवाज वर गेला नाही तर ‘गाणं जमलं नाही’ म्हणतात. पण स्टुडिओत संगीतकाराला हवी असते ती पहिली ओळ, सरळ, श्वासासारखी. चार महिने टाळीची जागा घोटून आलेल्या गळ्याला ती जड जाते. म्हणून शो चालू असताना रोज अर्धा तास ताईंकडचाच रियाज: खर्ज (खालच्या सप्तकातले सूर), मग एका रागाचा संथ आलाप. त्यात शोचं एकही गाणं घ्यायचं नाही. सेटवरून परत यायला मध्यरात्र झाली तर सकाळी, पण चुकवू नकोस.

याची दुसरी बाजू ताईंना जरूर सांग. नाट्यसंगीत, अभंग, जुनी भावगीतं आज शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत, त्यात अशा कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे.

गळा जाण्याचं कारण गाणं क्वचितच असतं, वाट बघणं असतं. शूटिंगचा दिवस बारा तासांचा, कधी त्याहून लांब. त्यात तू गाणार जेमतेम दहा मिनिटं. उरलेला वेळ गार, कोरड्या एसीत बसून मैत्रिणींशी मोठ्यानं गप्पा आणि दर तासाला ‘एकदा परत म्हणून दाखव’. सेटवर पूर्ण आवाजात तालीम दोनदाच कर, बाकी वेळा अर्ध्या आवाजात, वरच्या जागा खालच्या सप्तकात. सकाळी पंधरा मिनिटं आवाज तापव. ओठ फडफडवत सूर लावणं यासाठी उत्तम. मग दर दोन तासांनी तीन मिनिटं पुन्हा. पाणी गाण्याच्या वेळी पिऊन उपयोग नाही, दोन तास आधीपासून घोट घोट प्यायचं. कुजबुजून बोलल्यानं आवाज वाचतो हा गैरसमज आहे. कुजबुजण्यानं ताण वाढतो, हळू पण नेहमीच्या सुरात बोल. खाकरणं टाळ. आणि एक गोष्ट गंभीरपणे घे: जोरात सूर लावताना आवाज अचानक गेला किंवा फाटला तर तिथेच थांब. स्वरतंतूंत रक्तस्राव झालेला असू शकतो. ‘एवढं गाणं होऊ दे’ म्हणत गायलं तर कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि त्यांना विचारल्याशिवाय अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नकोस, त्यानं रक्तस्राव वाढतो.

पट्टीचंही इथेच सांगते. रियाजाची पट्टी सगळ्या गाण्यांना लावू नकोस. प्रत्येक गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर वहीत लिही. वरचा सूर तुझ्या गळ्याच्या कमाल टोकाच्या निदान एक स्वर खाली राहील अशी पट्टी निवड, आणि ती पट्टी उभं राहून, लागोपाठ तीनदा गाऊन तपास. घरी बसून, संध्याकाळी, एकदा जमलेली पट्टी सेटवर सकाळी नऊला दगा देते.

कानातल्या मॉनिटरची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी ध्वनितंत्रज्ञाशी बोल. मिश्रणात आधी स्वतःचा आवाज, मग सुरासाठी कीबोर्ड, मग ताल, याच क्रमानं पातळी वाढवून घे. वाद्यं मोठी आणि स्वतःचा आवाज बारीक असला की माणूस नकळत ओरडतो आणि सूर चढतो. मग परीक्षक सांगतात ‘शार्प लागलं’, आणि बिचारीला वाटतं आपला रियाज कच्चा. एक कान उघडा ठेवून गाऊ नकोस, दुसऱ्या कानातला आवाज वाढवत बसावं लागतं. माइक ओठांपासून दोन बोटांवर, तार सप्तकात गेलीस की चार-पाच बोटं लांब. माइकची जाळी मुठीत धरू नकोस. दिसायला रुबाबदार, ऐकायला बोळा कोंबल्यासारखं.

प्रक्षेपणात ऐकू येणारं गाणं नंतर मिक्स होतं, सुरांची डागडुजीही होऊ शकते. त्यामुळे टीव्हीवरचं ऐकून स्वतःची परीक्षा करू नकोस. तालमीचं साधं मोबाइल रेकॉर्डिंग ऐक आणि ताईंना तेच ऐकव.

आता पुढचं वर्ष. पहिला भाग दिसण्याआधीच तुझ्या नावाची सगळी समाजमाध्यमांवरची खाती उघडून ठेव, नंतर तोतये उघडतात. कामासाठी वेगळा नंबर, वेगळा ईमेल. तो नंबर कोणी उचलायचा हे ठरव. बाबा उचलणार असतील तर ‘तारीख बघून कळवतो’ एवढंच बोलायचं, फोनवर आकडा सांगायचा नाही. शो चालू असतानाच नव्वद मिनिटांचा कार्यक्रम बांध. इथेच बहुतेक जण अडकतात: हातात तीस गाणी असतात, पण प्रत्येकी अडीच मिनिटांची, आणि सलग दीड तास श्रोत्यांना धरून ठेवायची सवय नसते. पूर्ण लांबीची सोळा-सतरा गाणी, दोन अंतऱ्यांसकट, मधलं बोलणं, चार वादक. दोनदा पूर्ण तालीम झाली की पहिली तारीख घे. निम्मं मानधन तारीख पक्की करताना, उरलेलं मंचावर चढण्याआधी. ‘कार्यक्रम झाल्यावर हिशेब करू’ म्हणणारे हिशेब करत नाहीत.

मोठ्या गाण्यांची वाट बघत घरी बसू नकोस. संगीतकारांना फोन करून स्क्रॅच आणि कोरसची कामं माग. स्क्रॅच म्हणजे चाल बांधताना नमुन्यासाठी गाऊन दिलेलं गाणं. शेवटी त्यावर दुसऱ्याचा आवाज चढतो, तो धंद्याचा रिवाज आहे, अपमान नाही. पण माइकसमोर कसं गावं हे तिथेच कळतं, आणि कधीमधी संगीतकार म्हणतो, ‘हाच आवाज ठेवू.’ स्क्रॅचचेही पैसे माग, थोडे का होईनात.

यूट्यूबवर लोकप्रिय गाण्यांची कव्हर (तीच गाणी आपल्या आवाजात गाऊन) टाकून ओळख जागी राहते, पण जाहिरातीचे पैसे बहुधा मूळ गाण्याच्या हक्कदार कंपनीकडे जातात. करारातली बंदी संपायची तारीख कॅलेंडरवर लाल कर आणि त्या आठवड्यात स्वतःचं गाणं बाहेर येईल अशी तयारी ठेव. कवी आणि संगीतकाराशी एक पानी लेखी करार: कोणाचा हक्क किती, रॉयल्टी कशी वाटायची. मैत्रीत लिहून घ्यायला संकोच वाटतो, गाणं चाललं की संकोच उरत नाही.

भावाबद्दल. आईंना सांग, नको, निदान आत्ता नको. कायद्याची अडचण नाही. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती, आणि मिळकतीतला किमान २०% भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. पाठवायचं ठरलंच तर हे सगळे मुद्दे लेखी मागा. माझी हरकत वेगळी आहे. तो अकरा वर्षांचा आहे, एक-दोन वर्षांत आवाज फुटेल. ज्या पातळ, उंच आवाजावर लोक टाळ्या वाजवतील तो आवाजच तेराव्या-चौदाव्या वर्षी राहणार नाही, आणि तेव्हा येणारी कार्यक्रमाची प्रत्येक सुपारी जुन्याच पट्टीतलं गाणं मागेल. त्या पट्टीत जबरदस्तीनं गाऊन मुलगे गळा बिघडवून घेतात. शाळेच्या, गावातल्या स्पर्धा भरपूर करू देत. आवाज बसला की सोळाव्या-सतराव्या वर्षी बघा.

उद्या वाहिनीला पाठवायचा ईमेल छोटा ठेव. आभार, मग चार ओळी: बंधनाचा काळ मी बाहेर पडल्याच्या तारखेपासून मोजावा, कमिशन खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर असावं आणि मी स्वतः मिळवलेल्या कार्यक्रमांवर नसावं, आधी विचारण्याच्या अटीला सात दिवसांची मुदत असावी, माझ्या पुढच्या नव्या गाण्यांवर दावा नसावा. चारपैकी दोन मान्य झाल्या तरी सही कर. बंधनाची तारीख आणि नव्या गाण्यांचा मुद्दा हे दोन्ही नाकारले तर वकिलाशी पुन्हा बोलल्याशिवाय करू नकोस. आणि एम.कॉम.च्या परीक्षेचं वेळापत्रक त्याच ईमेलला जोड. कॉलशीट (कोणी कधी सेटवर यायचं याचं पत्रक) निघायच्या आधी कळलं तर तुझ्या पेपरचे दिवस सोडून शूटिंग लावता येतं.